लायसन्सची फाईल आणि माझा उजवा हात

रविवारी दुपारी, जुईनगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये, माझ्या नवऱ्याने बेडरूमच्या दारात माझा उजवा हात चिरडला. दार पहिल्यांदा आपटलं तेव्हा माझा हात चौकटीत आहे हे त्याला कदाचित माहीत नसेल. मी किंचाळले. मग त्याने फटीतून पाहिलं, माझी बोटं पाहिली, आणि दार दुसऱ्यांदा आपटलं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मोडलं. मोडल्याचा आवाज मला ऐकू आला.

भांडण एका लायसन्सवरून होतं. गाडीच्या नाही, कोडच्या. हे मी नंतर डॉक्टरांना, पोलिसांना, वकिलांना इतक्यांदा समजावून सांगितलंय की आता सांगताना लाज वाटत नाही. आईला सांगितलं होतं ते सगळ्यात सोपं होतं, तेच इथे सांगते.

माझी पहिली नोकरी महापेला होती. उरणच्या बाजूच्या कंटेनर यार्डांसाठी आम्ही सॉफ्टवेअर बनवायचो. गेटवरच्या माणसाच्या हातात एक मशीन, ऑफिसात जुनाट कॉम्प्युटर, साहेबाच्या टेबलावर नवा, आणि सगळ्यांवर एकच प्रोग्राम चालायला हवा. पण प्रत्येक मशीनची वेळ सांगायची रीत वेगळी, फाईल ठेवायची रीत वेगळी, मराठी अक्षरं दाखवायची रीत तर कुणाचीच धड नाही. म्हणून तोच प्रोग्राम पाच वेळा लिहावा लागायचा. मी वैतागून घरी, सारसोळ्याला वडलांच्या टेबलावर बसून, मध्ये बसणारा एक थर लिहायला घेतला. प्रोग्रामने त्या थराला विचारायचं, ‘किती वाजले?’ आणि थराने ज्या त्या मशीनला तिच्या भाषेत विचारून उत्तर आणायचं. अशा थराला आमच्या धंद्यात लायब्ररी म्हणतात. ती मी इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुली ठेवली.

खुली म्हणजे फुकट घ्या, वापरा, विका सुद्धा. अट एकच. आमच्या फाईलींत तुम्ही बदल केलात तर तो बदलही असाच खुला ठेवायचा, आणि आधी ज्यांनी लिहिलंय त्यांची नावं पुसायची नाहीत. ही अट ज्या फाईलमध्ये लिहिलेली असते ते लायसन्स.

हळूहळू लोक येत गेले. केरळातली एक बाई आली, हॉस्पिटलांची मशीनं सांभाळणारी. कुठल्याशा थंड देशातले एक निवृत्त शिक्षक आले. त्यांच्या तळघरात जगाने फेकून दिलेले कॉम्प्युटर चालू स्थितीत होते आणि आमचं प्रत्येक व्हर्जन ते त्या सगळ्यांवर चालवून बघायचे. त्यांना मी मास्तर म्हणायचे, त्यांनाही ते आवडायचं. असे पुष्कळ झाले. प्रत्येकाने लिहिलेला तुकडा कायद्याने त्याचाच राहतो, फक्त त्या अटीवर तो आमच्या हवाली केलेला असतो. म्हणून अट बदलायची तर सगळ्यांना विचारावं लागतं. मी मालकीण नव्हते. सांभाळणारी होते.

नवरा मला दुसऱ्या नोकरीत भेटला. कोड माझ्यापेक्षा सरस लिहायचा, हे मी आजही म्हणते. लग्नाच्या पहिल्या वर्षी कुणी घरी आलं की तो सांगायचा, “हिचा कोड कुठल्या कुठल्या देशांत चालतो, माहितीये?” पहिली थप्पड त्याच वर्षी बसली. चार पाहुण्यांसमोर मी त्याच्या बोलण्यातली एक चूक दुरुस्त केली होती. पाहुणे लिफ्टपर्यंत पोचले नसतील. त्यानंतर तो रडला, मी त्याला पाणी दिलं. दुसरी थप्पड आठ महिन्यांनी. मग मोजायचं सोडलं. लोक म्हणतात लायसन्समुळे झालं. तसं नाही. हात आधीपासून उठत होता, लायसन्सने त्याला कारण दिलं.

झालं असं की तो ज्या कंपनीत मोठ्या पदावर गेला, तिथे आमचीच लायब्ररी वापरात होती. त्यात त्यांनी बरेच बदल केले होते, बदल दडवून ठेवले होते आणि वरची आमची नावं काढून टाकली होती. परदेशातल्या एका गिऱ्हाइकाने सौद्याआधी कोड तपासून घेतला आणि त्यात ही चोरी उघडी पडली. नवऱ्याच्या साहेबाने भर मीटिंगमध्ये त्याला सांगितलं, “बायको तुझीच ना? मग घरातला प्रश्न आहे. सोडवून टाक.”

त्याने सकाळी चहा पिताना विषय काढला.

“लायसन्स बदल. कोड बंद ठेवायची मुभा दे. एक फाईल तर बदलायचीय.”

“सगळ्यांना विचारावं लागेल.”

“विचारू नकोस. बदलून टाक. कोण बघतंय?”

“सगळे बघतात. आणि कशाला पाहिजे ते? तुम्ही बदललेल्या फाईली खुल्या करा, नावं परत लावा. दोन दिवसांचं काम आहे. मी बसते हवं तर तुझ्यासोबत.”

“म्हणजे आम्ही चोर होतो हे लिहून देऊ?”

मी म्हटलं, “होतातच की.”

त्याने कप भिंतीवर मारला. चहा माझ्या मानेवर उडाला.

पुढचे काही आठवडे असेच गेले. ऑफिसात साहेब त्याला सोलायचा, घरी तो मला. केस धरून त्याने एकदा माझं डोकं फ्रीजवर आपटलं आणि लगेच म्हणाला, “बघ, तू मला काय करायला लावतेस.” मी ऑफिसात केस पुढे घेऊन बसायला शिकले. हे कुणाला सांगितलं नाही. सारसोळ्याला तर नाहीच. सारसोळे तिथून रिक्षाने कितीसं लांब! पण आईसमोर उभी राहिले असते तर तिने चेहरा वाचला असता, म्हणून दोन महिने गेलेच नाही. फोनवर नवं व्हर्जन काढायचंय, रिलीजचं टेन्शन आहे म्हणून सांगत राहिले.

त्या रविवारी मी ठरवलं की सगळ्यांना खरं ते लिहायचं. जेवण झाल्यावर लॅपटॉप उघडून मेल लिहायला बसले. एका कंपनीने आपल्या अटी मोडल्यात, माझे घरचेच संबंध गुंतलेत, म्हणून या प्रश्नात निर्णय मी एकटी घेणार नाही, असं काहीसं. तो मागे कधी येऊन उभा राहिला कळलं नाही. त्याने शेवटपर्यंत वाचलं. मग लॅपटॉप उचलला आणि बेडरूममध्ये गेला. मी धावले आणि दार बंद होऊ नये म्हणून हात घातला.

दुसऱ्यांदा दार आपटल्यावर त्याने हात सोडवून घेऊ दिला. मी किचनमध्ये गेले. पाण्याखाली हात धरावा म्हणून गेले होते, हे मला नक्की आठवतं. पण ओट्यावर बिडाचा तवा होता. मी तो डाव्या हाताने उचलला. तो दारात आला, “दाखव, दाखव हात,” म्हणत. मी त्याच्या कपाळावर तवा हाणला. तो भिंतीला टेकून खाली बसला. भुवईतून रक्त ओघळून डोळ्यात गेलं होतं, त्याने हात वर केले होते आणि तो काहीही करत नव्हता. मी दुसरा घाव घातला. पहिल्याचं मला काही वाटत नाही. दुसरा मी पूर्ण शुद्धीत घातला आणि बरं वाटलं, आणि हे लिहिताना ते लपवायचं नाही असं मी ठरवलंय.

शेजारच्या काकूंनी मला रिक्षात घालून हॉस्पिटलला नेलं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, “दारात सापडला.” खोटं नव्हतंच ते. आई नेरूळच्या बाजारातून, मासळीची पाटी दुसरीच्या हवाली करून, तशीच आली. पदराला खवले चिकटलेले. तिने माझ्या हाताकडे पाहिलं नाही, मानेवरचा चहाने भाजल्याचा डाग पाहिला.

“कवापासना मारतंय?”

मी डाव्या हाताने तिच्या पदरावरचा एक खवला काढला.

“मना सांगाचा नाय? मी मेलेली हाय काय?” ती म्हणाली, आणि मला सरळ सारसोळ्याला घेऊन गेली.

सारसोळ्याच्या घरात दोन दिवस मी नुसती पडून होते. बोटांत तारा घातल्या होत्या, वर प्लॅस्टर. दादा, माझा थोरला भाऊ, उरणकडे बंदरात क्रेन चालवतो. तो मंगळवारी सुट्टी टाकून आला. मी त्याला म्हटलं, माझा फोन फ्लॅटवरच राहिलाय, माझे मेल बघायचेत, तुझा फोन दे.

मास्तरांचा मेल होता. त्यांनी लिहिलं होतं: रविवारी संध्याकाळी तुझ्या नावाने लायसन्सची फाईल बदलली गेली आहे. सगळ्यांची संमती मिळाली असं लिहून खाली आमची नावं दिली आहेत, त्यात माझंही आहे. मला कुणी विचारलं नाही. तू प्रत्येक बदलाखाली का केला ते लिहितेस. इथे ‘का’ नाही. हे तू केलंस का? तू ठीक आहेस ना?

माझा लॅपटॉप फ्लॅटवरच होता, उघडा, सगळ्या किल्ल्यांसकट, म्हणजे लायब्ररीत बदल करायला लागणाऱ्या पासवर्डांसकट. कपाळाला फडकं बांधून नवरा बसला असणार आणि माझं नाव लावून त्याने ते केलं असणार.

हॉस्पिटलात मी रडले नव्हते. तेव्हा रडले. उशी तोंडात कोंबून, हमसून.

आई आतून आली. “बोटां मोरली तवा रडली नाय, आन आता कागुद बदलला म्हनून रडतेस?”

“आये, त्याने माझ्या नावाने खोटं लिहिलं. त्या सगळ्या लोकांच्या नावाने.”

तिला ते किती कळलं माहीत नाही. पण दादाला त्याच्यापुरतं कळलं. त्याने माझ्या हातातून फोन घेतला, खिशात टाकला आणि चुलतभावांच्या घराकडे गेला. थोड्या वेळाने मोटारसायकली सुरू झाल्याचा आवाज आला. मी चप्पल न घालता रस्त्यावर आले आणि रिक्षा थांबवली.

मी जुईनगरला पोचले तेव्हा सोसायटीच्या पार्किंगमध्ये ते चालू होतं. चुलतभावांनी नवऱ्याला दोन्ही बाजूंनी धरलं होतं आणि दादा मारत होता. मासा आपटतात तसा त्याने त्याला एका स्कूटरवर आपटला, स्कूटर पडली, तो तिच्यावर पडला. वॉचमन शिट्टी तोंडात धरून नुसता उभा. वरच्या गॅलऱ्यांत माणसं. नवऱ्याच्या तोंडातून रक्ताची लाळ लोंबत होती, डावा खांदा विचित्र खाली आला होता.

मी खांबाजवळ उभी राहिले आणि बघत राहिले. किती वेळ ते सांगता येत नाही. मला ओरडता येत होतं, मी ओरडले नाही. दादाने वाकून त्याचा उजवा हात धरला, फरशीवर पसरला आणि पाय उचलला. तेव्हा मी ओरडले.

“दादा, हात नको!”

त्याने माझ्याकडे पाहिलं, जणू मी कोण ते त्याला ओळखू येत नाही. मी मध्ये गेले, माझ्या प्लॅस्टरच्या हाताने त्याच्या छातीवर ढकललं आणि स्वतःच कळवळले. त्याने पाय खाली ठेवला.

नवरा खालून माझ्याकडे बघत होता. मला वाटतं, मी काहीतरी मोठं बोलेन अशी त्याची अपेक्षा होती.

मी विचारलं, “लॅपटॉप कुठाय?”

“वर,” तो म्हणाला. “टेबलावर.”

फ्लॅटची किल्ली त्याच्या खिशात होती. मी ती काढून घेतली, वर गेले, लॅपटॉप आणि चार्जर घेतला. बेडरूमच्या चौकटीवर माझं वाळलेलं रक्त तसंच होतं. कपडे घ्यायचं सुचलं नाही.

संध्याकाळी सारसोळ्याच्या घरी, डाव्या हाताच्या एका बोटाने, मी तो बदल उलटवला. मग खाली ‘का’ लिहायचं होतं. तासभर ते शब्द जुळेनात. खाजगी गोष्ट साऱ्या जगासमोर कशाला, असं एकदा वाटलं. पण तो खोटेपणा साऱ्या जगासमोर झाला होता. शेवटी लिहिलं: रविवारचा बदल मी केलेला नाही. माझ्या घरातल्या माणसाने, माझा हात मोडून, माझ्या मशीनवरून तो केला. तुमच्यापैकी कुणालाही विचारलेलं नव्हतं. अटी पूर्वी होत्या त्याच आहेत. माझ्या सगळ्या किल्ल्या आजपासून रद्द. नव्या किल्ल्या तीन जणांकडे राहतील, आणि लायसन्सच्या फाईलला एकट्या कुणालाही, मलाही, हात लावता येणार नाही.

केरळातल्या बाईचा फोन लॅपटॉपवरच अर्ध्या तासात आला. आम्ही त्याआधी कधी बोललो नव्हतो. ती म्हणाली, “तू झोप. पुढचं रिलीज मी काढते.” मास्तरांनी फक्त एवढं लिहिलं की त्यांनी ते वाचलंय आणि ते तिथेच आहेत.

नवऱ्याच्या हॉस्पिटलातून पोलिसांना कळलं. दुसऱ्या दिवशी दादाला बोलावणं आलं. मी सोबत गेले. तिथल्या बाई अधिकाऱ्याने माझा हात बघून खुर्ची पुढे केली.

“लायब्ररी म्हणजे पुस्तकांची?”

“नाही मॅडम.” मी पुन्हा सगळं सांगितलं. त्यांनी सगळं लिहून घेतलं, दोनदा थांबवून स्पेलिंग विचारलं. मग म्हणाल्या, “आणि तुम्ही त्याला मारलंत?”

दादा बाजूलाच उभा होता. तो पटकन म्हणाला, “ती कशाला मारील?”

“मारलं,” मी म्हटलं. “तव्याने. दोनदा. दुसऱ्यांदा मारलं तेव्हा तो खाली बसलेला होता.” आणि पार्किंगमध्ये काय पाहिलं तेही सांगितलं, दादाने पाय उचलला होता तेही.

दादाला त्या जबाबाने त्रास झाला. केस झाली, बंदरातल्या कंत्राटदाराने त्याला सहा महिने कामावर घेतलं नाही. घरी आल्यावर तो म्हणाला, “तुझ्यासाठी मारला ना मी त्याला? आन तू मनाच फसवलास.”

“मी तुला मारायला सांगितलं नव्हतं, दादा.”

“थांब पन बोलली नव्हतीस.”

त्यानंतर तो एकाच घरात राहून माझ्याशी बोलेनासा झाला. आई दोघांची ताटं वेगवेगळ्या वेळी वाढायची.

नवऱ्याच्या कंपनीने त्याला काढलं. तो सौदा फिसकटला, की कुणी वकिलाने शहाणपण शिकवलं, मला माहीत नाही, पण काही महिन्यांनी एका सकाळी त्यांनी बदललेल्या सगळ्या फाईली खुल्या केल्या, आमच्या नावांसकट, एक शब्दही न बोलता. मी त्या वाचायला बसले. बराचसा कचरा होता. पण एक तुकडा असा होता की मी खुर्चीत ताठ झाले. गेटवरच्या त्या हातातल्या मशीनची बॅटरी काढून घातली की घड्याळ मागे जायचं आणि कंटेनर आत येण्याआधीच बाहेर गेल्याची नोंद व्हायची. ही अडचण मला कधी सुटली नव्हती. इथे ती बारा ओळींत सुटली होती. त्या ओळी कुणाच्या हे सांगायला नाव लागत नव्हतं. नवरा कंसाआधी एक जागा सोडतो, नेहमी. तरीही वर नाव होतं. त्याचंच.

केरळातली बाई म्हणाली, “तू बघू नकोस. मी बघते. नको असेल तर आपण वेगळ्या पद्धतीने लिहू.”

मी दोन दिवस विचार केला. त्या बारा ओळी मी पुन्हा माझ्या पद्धतीने लिहिल्या असत्या तर ती चोरीच झाली असती, फक्त माझ्या बाजूची. मी त्या घेतल्या, त्याच्या नावासकट. खाली ‘का’ लिहिलं: घड्याळ मागे जाऊ नये म्हणून. बटण दाबलं, मोरीत गेले आणि उलटी केली.

घटस्फोटाच्या तारखेला बेलापूरच्या कोर्टात आम्ही बाहेरच्या बाकांवर बसलो होतो. दादा न बोलताच माझ्यासोबत आला होता. न बोलताच त्याने रिक्षा केली, न बोलताच पाण्याची बाटली आणून दिली. समोरून नवरा आला. भुवईवर आडवा व्रण होता, डावा खांदा किंचित खाली. तो माझ्यापासून तीन हातांवर थांबला.

“ते घड्याळाचं घेतलंस?”

“घेतलं.”

“नाव?”

“तुझंच आहे.”

त्याने मान हलवली. आणखी काही बोलायला त्याने तोंड उघडलं आणि एक पाऊल पुढे टाकलं. माझ्या शेजारी दादा उठला. त्याच्या मुठी वळल्या होत्या, गळ्याची शीर फुगली होती. मी बसल्याबसल्या त्याच्या शर्टाचं टोक धरलं आणि खाली ओढलं.

“थांब,” मी म्हटलं. “थांब, दादा.”

त्याने मुठी सोडल्या. मग बसला. नवरा वळून दुसऱ्या टोकाच्या बाकावर गेला, आणि आतून आमच्या केसचा नंबर पुकारला.